लाळेरं घातलेले दगड

जपानला जायचं माझ्या कधी मनात नव्हतं. पण त्या वर्षी मार्चात सूनबाईचे आईवडील पुण्याहून यायचे ठरले. आमचा कॉन्डो कॅनडात, व्हॅन्कुव्हरजवळ बर्नाबीला, दोन बेडरूमचा. एका खोलीत मुलगा-सून, दुसरीत मी आणि नात. मुलगा मला काही म्हणाला नाही. एक दिवस ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आई, तुझ्या त्या मैत्रिणी जपानला चालल्यात ना? तूपण जाऊन ये की. दहा दिवस मस्त फीर."

मी समजले. राग नाही आला. दोन माणसं येणार, त्यांना झोपायला जागा पाहिजे. म्हटलं, "जाते."

मैत्रिणी म्हणजे दोघी, मॉलमधल्या. इथं सहा-सहा महिने पाऊस, म्हाताऱ्यांनी जायचं कुठं? मॉलमध्ये ग्रोसरीच्या दुकानासमोर एक बाक होता, तिथं सकाळी दहाला जाऊन बसायचं. एक पंजाबी, माझ्याहून मोठी. तिला तिच्या घरचे बीजी म्हणायचे, म्हणून आम्हीपण बीजी. दुसरी गुजराथी, तिला बेन म्हणायचो. बेननं इथं डे-केअरमध्ये पंचवीस वर्षं नोकरी केलेली, इंग्लिश फाडफाड. माझी शाळा दुसरीपर्यंत. सोलापूरला विड्या वळण्यात माझा जन्म गेला. हे वारल्यावर मुलानं मला इकडं आणलं. आमचं तिघींचं बोलणं हिंदीत चालायचं, आणि माझी हिंदी ऐकून बीजी रोज हसायची.

टूर देशी माणसाची होती, बसमध्ये तीसेक जण, सगळे व्हॅन्कुव्हरकडचे. पहिलं टोकियो. तिथं एका चौकात सिग्नल पडला की चारी बाजूंनी माणसं एकदम रस्त्यात उतरतात, पण कुणाचा कुणाला धक्का नाही. मी बेनचा हात धरून चालले. इमारती बघितल्या, मनोऱ्यावर चढलो, नदीत बोटीत बसलो. हॉटेलातल्या वॉशरूममध्ये बसायची जागा आधीच गरम. बीजी आतून ओरडली, "हाय राम, कोई अभी उठ के गया है क्या?" बेन हसून हसून पलंगावर आडवी झाली. मीपण हसले. खोटं कशाला सांगू, हसायला खूप झालं त्या ट्रिपमध्ये.

पण सकाळी फोनची वेळ आली की मी खिडकीशी जाऊन उभी राहायची. आमची सकाळ म्हणजे तिकडं आदल्या दिवसाची दुपार. बीजीच्या घरी पाच नातवंडं, सगळी ओळीनं बोलायची. बेनची लेक एडमंटनला, ती उलट हिलाच दटावायची, "मम्मी, औषध घेतलंस का?" मग बेन माझा नंबर लावून द्यायची. रिंग वाजायची, वाजायची, आणि मग मुलाचा आवाज इंग्लिशमध्ये, रेकॉर्ड केलेला. ते पाहुण्यांना घेऊन फिरायला गेलेले असणार. तो आवाज संपला की एक टूं वाजायचं. मी म्हणायची, "मी बरी आहे. जेवले." आणि ठेवून द्यायची. दहा दिवसांत एकदाच उचलला, तो सूनबाईच्या आईनं. तिनं माझी चौकशी केली, मी तिची केली.

सहाव्या दिवशी आम्ही क्योटोला होतो. ते गावच देवळांचं. झाडांना फुलं नुकती धरलेली, थंडी आपल्या बर्नाबीसारखीच ओली. आमच्या पुढं एक जपानी पोरगी झेंडा घेऊन चालायची, तिचं इंग्लिश बेन आम्हाला सांगायची. डोंगरावरच्या एका देवळात शिरताना दगडी टाकी होती, वर बांबूची डाव ठेवलेली. मी ओंजळ धरली, तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला. माझं बघून बीजीनंपण घेतलं. झेंडेवाली पोरगी धावत आली. ते हात धुवायचं पाणी होतं. बीजी म्हणाली, "कोई गल नहीं, पेट में भी सफाई हो गई."

देवळाच्या मागं पायऱ्या होत्या. वर काही दिसेना, म्हणून बाकीचे फोटो काढत खालीच थांबले. मी आणि बीजी चढलो. वर गेलो तर उतारावर ओळीच्या ओळी, वीतभर उंचीचे दगड. प्रत्येकाला बारीक तोंड कोरलेलं, डोळे मिटलेले. गळ्यात लाल लाळेरं. काहींच्या डोक्याला विणलेली टोपडी. समोर दूध, बिस्किटं, खेळणी. शे-दोनशे असतील, जास्तच.

आमच्याकडं विहिरीच्या काठाला सात आसरांचे दगड असतात, शेंदूर लावलेले. मला वाटलं तसंच काहीतरी, जपानी आसरा. मी पर्समधली खडीसाखर काढली आणि जमेल तेवढ्या दगडांपुढं एकेक खडा ठेवत गेले. नातीला शहाणपण दे, मुलाची नोकरी टिकू दे, गुडघा चालता राहू दे. जे मागायचं ते मागितलं. एका दगडापुढं मातीत कागदी भिरभिरं खोचलेलं होतं, लाल आणि पिवळं, नवं कोरं. आपण देवापुढचं फूल उचलतो ना, तसं मी ते उचललं. बीजीच म्हणाली, "ले ले, पोती के लिए परशाद हो जाएगा." मी दगडाला हात जोडले आणि भिरभिरं घेऊन आणखी दोन-तीन ओळी फिरले.

खाली आलो तेव्हा वारा होता, माझ्या हातात ते फिरत होतं. झेंडेवाल्या पोरीनं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. तिला रागावता येईना, नुसती वाकून वाकून बेनला काहीतरी सांगत राहिली. बेननं सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "ये भगवान का नहीं है. जिनके छोटे बच्चे मर जाते हैं ना, वो माँ लोग रखती हैं. एक-एक पत्थर एक-एक बच्चे का."

भिरभिरं फिरायचं थांबेना. मी ते हातानं दाबून धरलं.

आता हे सांगायलाच पाहिजे. मुलाच्या आधी मला एक मुलगी होती. मी तेव्हा अठरा वर्षांची. नऊ महिन्यांची झाली आणि जुलाब-उलट्या लागल्या. दोन दिवस. तिला दात आले नव्हते. दात न आलेलं लेकरू आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि बायकांनी तिकडं जायचं नसतं. ह्यांनी आणि दिरानं धडप्यात गुंडाळून तिला नेलं. तासाभरात परत आले, न्हाणीत आंघोळ केली. कुठं पुरलं ते मी विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती. दहावा नाही, तेरावा नाही, लहान लेकराचं काहीच करत नाहीत. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हाताला काम असू दे, बाई," आणि तिसऱ्या दिवशी पानं भिजवून माझ्यापुढं सूप ठेवलं. मी विड्या वळल्या. पुढं एकदा ह्यांना विचारलंच, तर म्हणाले, "ओढ्याच्या पलीकडं, आता काय खूण राहिलीय." तिथं नंतर चाळी झाल्या.

तिचं नाव ठेवलेलं होतं. बारसं झालं होतं. ते नाव मी इथं सांगणार नाही.

तर ते भिरभिरं परत ठेवायचं होतं, आणि ज्याचं त्याच दगडापुढं ठेवायचं होतं. दुसऱ्या कुणाला ते एवढं वाटलं नसतं. आपलं लेकरू कुठं आहे हे त्या बाईला ठाऊक होतं. तिला तेवढी जागा होती, आणि मी म्हातारी तिथलं खेळणं उचलून आणलेलं.

पोरगी म्हणाली, द्या, मी ठेवते. मी दिलं नाही. पुन्हा पायऱ्या चढले. गुडघा नको म्हणत होता.

वर जाऊन बघते तर सगळे सारखे. मघाशी नुसते देव दिसत होते, आता एकेक तोंड बघायला लागले. माझ्या खडीसाखरेचे खडे जागोजागी पडलेले, म्हणजे ती खूणपण उपयोगाची नाही. त्या दगडाला टोपडं होतं का? लाळेऱ्याला लेस होती का? आठवेना. मातीत काडी खोचल्याचं भोक दिसतंय का म्हणून मी वाकून वाकून बघत एक ओळ संपवली, दुसरी संपवली. भोकं पुष्कळ होती, पावसाची.

खालून बेनची हाक आली, "चलो, बस छूट जाएगी!"

थोड्या वेळानं बीजी काठी टेकत वर आली. "किधर रह गई? सब लोग बैठ गए बस में."

"याद नहीं आता," मी म्हटलं. "कौन से का था, बीजी? तुम साथ में थी."

तिनं इकडं तिकडं बघितलं. "मैनूं की पता? कहीं भी रख दे, बच्चे तो सब एक जैसे होते हैं."

बीजीनं चांगल्या मनानंच म्हटलं. पण मला ते लागलं. मी म्हटलं, "एक जैसे नहीं होते."

"नाराज क्यों होती है? चल, ठंड लग जाएगी."

तिला तेव्हा सांगावं असं तोंडापर्यंत आलं होतं. एवढी वर्षं एका बाकावर बसलो होतो. पण हिंदीत ते कसं सांगायचं ते मला येईना. धडपं, दात, ओढा, हे सगळं मराठीतच घडलेलं. बीजी माझ्या कोपराला धरून उभी होती, बसवाला हॉर्न देत होता. मी "हाँ, चलो," म्हटलं.

जाताना कडेला एक दगड दिसला. त्याचं लाळेरं पावसानं पांढरट झालेलं, अंगावर शेवाळ, समोर काही नाही. मी भिरभिरं त्याच्यापुढं खोचलं. दुसरं काय करणार? ज्याच्याकडं कुणी येत नाही त्याला दिलं म्हणून त्या वेळी बरं वाटलं. बसमध्ये बसल्यावर कळलं, मी काय केलं ते. जिचं होतं ती बाई येणार. आठवड्यानं म्हणा, महिन्यानं म्हणा. आपल्या लेकराच्या दगडासमोर उभी राहणार, आणि नवं कोरं भिरभिरं जागेवर नाही. वाऱ्यानं गेलं म्हणेल, नाहीतर कुणी चोरलं म्हणेल. आणि चार ओळी सोडून दुसऱ्यापुढं तेच दिसलं तर?

बस ओसाकाला निघाली. बाकीच्यांनी अंताक्षरी लावली. बेननं मला ठेपला दिला. बेन आणि बीजी माझ्याशी जरा जपूनच बोलत होत्या. मी काहीतरी अपशकुन मनावर घेतला असं त्यांना वाटलं. पुढचे चार दिवस मी किल्ला बघितला, हरणांना बिस्किटं घातली, दुकानात नातीसाठी पेन्सिली घेतल्या. फोटोत मी सगळीकडं आहे, दोघींच्या मधोमध.

मुलगा एअरपोर्टवर एकटाच आला होता. पाऊस पडत होता. गाडीत म्हणाला, "मग, काय काय बघितलंस?" मी देवळं सांगितली, गरम वॉशरूम सांगितली, तो हसला. मग म्हणाला, "आवाज का असा तुझा? बरं नाही का?"

तिथं माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "तुला एक बहीण होती."

"म्हणजे?"

"तुझ्याआधी. नऊ महिन्यांची होऊन गेली."

त्यानं वायपर जोरात केले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "बाबा कधी बोलले नाहीत."

"नाही बोलले."

"काय झालं होतं?"

"जुलाब."

"आता एवढ्याशानं कुणी जात नाही गं," तो म्हणाला. इंजिनिअर माणूस, त्याला ते आधी सुचलं. मग माझ्या हातावर हात ठेवला, पण गाडी वळवायची होती, लगेच काढला. मी वाट बघत होते. नाव विचारील, मग सांगीन. ब्रिज आला, ब्रिज गेला. म्हणाला, "तू काही खाल्लंस का विमानात?"

"खाल्लं," मी म्हटलं.

घरी विहीणबाईंनी पोहे केले होते. माझ्या पलंगावरून त्यांनी आपलं सामान उचलून बाजूला ठेवलं होतं आणि चादर बदलली होती. बाई चांगल्या. मी पोहे खाल्ले, पेन्सिली दिल्या.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. बीजी गेली, बेन लेकीकडं एडमंटनला राहायला गेली. मुलानं नाव अजून विचारलेलं नाही. त्याच्या मनात नसेल असं नाही. आईला कशाला दुखवायचं, असं असेल. मीपण आपणहून सांगितलेलं नाही. ते कुणीतरी विचारायला पाहिजे, तेव्हाच सांगता येतं.