शेवटी येणाऱ्या सुईणीचा रकाना

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, आणि पुढची वीस वर्षे दौलतगंजातल्या निम्म्या लोकांच्या पाठींनी त्याचा फायदा घेतला. कुणाच्या कमरेत उसण भरली की ते आमच्याकडे येऊन खुशाल पालथे पडत आणि मी त्यांच्या पाठीला पाय लावायची. गुण किती जणांना आला हे मी कधी मोजलं नाही. आणि मोजणं तर पुढे माझी नोकरीच झाली.

जयेंद्रगंजातल्या बायकांच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या नोंदी ठेवायला लिहिता-वाचता येणारी बाई हवी होती. मी मॅट्रिक झालेली, गणितात तेज आणि तोंडानेही तेज. डॉक्टरीणबाईंनी मला ठेवून घेतलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगायला गेले, की अमक्या मोहल्ल्यात जास्त बाळंतिणी दगावल्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कितींपैकी?"

मोहल्ला मोठा असेल, तिथे बाळंतपणंच जास्त होत असतील, तर मरणंही जास्त दिसणार, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण ते आलं आणि मी अक्षरशः नाचत घरी गेले. त्या दिवसापासून मी घरच्यांचा छळ सुरू केला. आई म्हणाली, आज पोळ्या करपल्या. मी विचारलं, कितींपैकी? तिने लाटणं उगारलं.

मग मी एक तक्ता केला. परवाना असलेल्या प्रत्येक सुईणीच्या नावापुढे तिने केलेली बाळंतपणं, त्यांतल्या दगावलेल्या बायका, आणि शेकडा प्रमाण. रात्रंदिवस त्याच नादात होते. पाटणकर बाजारामागच्या गल्लीत राहणारी एक म्हातारी सुईण सगळ्यांच्या वर निघाली, आणि थोडीथोडकी वर नव्हे. डॉक्टरीणबाईंनी तक्ता ओळीओळीने तपासला. "सोमवारी हिचा परवाना काढून घेऊ," त्या म्हणाल्या. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की आज लिहिताना लाज वाटते.

सोमवारी म्हातारीला बोलावून सांगितलं तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. परवान्याची घडी पदराच्या गाठीतून सोडून तिने टेबलावर ठेवली. त्या कागदाशिवाय आमच्या लश्कर शहरातल्या कुठल्याच घरात तिला पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं. जाताना मला एवढंच म्हणाली, "बिटिया, जहाँ सब हाथ खड़े कर देते हैं, वहाँ मुझे बुलाते हैं." मला वाटलं, सगळेच असं म्हणतात.

त्याच संध्याकाळी शेजारचे काका पाठ धरून आले. मी त्यांच्या कमरेवर पाय ठेवला होता, आणि आई कौतुकाने म्हणाली, "ही पायाळू सहज नाही झाली हं. आपली सुईण तर घबराटून बाजूला बसली होती. मग पाटणकर बाजारामागून त्या दाईला बुलवलं. तिने हिला काढलं, मलाही वाचवलं."

माझा पाय काकांच्या पाठीवर तसाच राहिला. "मग बारशाला मानाची साडी-चोळी तिला दिलीस?"

"तिला कशी देणार? मान घरच्या सुईणीचा. हिला खाना खिलवला आणि पाठवून दिलं."

"आणि नोंदीत नाव कुणाचं घातलं?"

"ज्याचा मान त्याचंच नाव. ही काय पूछायची गोष्ट झाली?"

काका अजून पालथेच होते. मी त्यांना विसरून चपला शोधायला लागले.

सकाळी दवाखान्याच्या कपाटातून माझ्या जन्माच्या सालाची वही काढली. आई सुखरूप, मुलगी सुखरूप, सुईण आमची घरची. म्हातारीचा पत्ता नाही. वाचलेली बाई जर घरच्या सुईणीच्या नावावर गेली, तर दगावलेली कुणाच्या? बाई गेली की बारसं नाही, साडी-चोळीचा मान नाही, मग नाव कुणाचं सांगत असतील?

शनिवार-रविवार मी घराघरांत फिरले. ऊन, धूळ, आणि काखेत वही. सगळीकडे तेच ऐकलं. आपल्या मराठी घरांत सुईण पिढीजात ठरलेली. बाळंतपण तिचं, मान तिचा. अडलं की म्हातारीला हाक. बाई वाचली तर नाव घरच्या सुईणीचं. गेली तर घरचे कुणी बोलण्याच्या अवस्थेत नसत, आणि नोंदणारा विचारी, शेवटी कोण होतं? शेवटी म्हातारीच असायची. तिने वाचवलेल्या बाया दुसऱ्यांच्या रकान्यात आणि गेलेल्या तेवढ्या तिच्या रकान्यात. आणि मी त्याचं शेकडा प्रमाण काढून वर अधोरेखित केलं होतं. स्वतःला दोन मुस्कटात माराव्याशा वाटत होत्या, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. वही खोटं बोलत नव्हती. आम्ही तिला अर्धंच सांगत होतो.

पुढच्या सोमवारी मी नवा तक्ता डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला आणि धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी मधेच थांबवलं. "अजून एक. हिच्याकडे मुळात अडलेल्याच बाया जातात. त्यांची तुलना सरळ बाळंतपणांशी करायची नाही. अडलेल्या अडलेल्यांशीच ताडून बघ." तसंही करून पाहिलं. आकडे आता आठवत नाहीत आणि उगाच ठोकून द्यायचे नाहीत, पण म्हातारी तळाला गेली, हे पक्कं आठवतं. बाईंनी तिला बोलावून घेतलं आणि परवाना तिच्यापुढे सरकवला.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून रकाने दाखवले. दगावलेल्या बाया दुसऱ्या सुईणींनी आधीच बिघडवलेल्या, म्हणून ताडून झाल्यावर त्या सगळ्या मी ऐटीत त्यांच्या रकान्यांत टाकल्या होत्या.

"मतलब जो चली गईं, वो अब मेरे नाम पे नहीं?"

"नहीं अम्मा. एक भी नहीं."

तिने मान हलवली. "ना बिटिया. मेरे हाथों में गईं, मेरे नाम पे ही रहने दो. बस जो बचीं, उन्हें भी लिख दो."

मी रबर घेतलं आणि एकेक मरण परत तिच्या नावावर लिहिलं. मग त्यांच्या शेजारी नवा रकाना आखला, वाचलेल्यांचा, आणि पहिल्या ओळीत आईचं नाव घातलं.

"ये कौन?"

"मेरी माँ. दौलतगंज में. मैं उल्टी आई थी."

तिने माझ्या पायांकडे बघितलं. मग हसली, तोंडात दात फारसे नव्हतेच, आणि वळून पाठ माझ्याकडे केली. "तो ज़रा कमर पे पैर लगा दे. बहुत दिन से दुखती है."

मी आधी वाकून तिच्या पायांना हात लावला. मग तिच्या पाठीला पाय.