हवेत तरंगणारा डबा

आमची नात यंत्र बांधायच्या आधीच त्याची परीक्षा घेते. तुम्ही म्हणाल, चूल पेटायच्या आधी स्वयंपाक चाखायचा कसा? मीही तेच विचारलं होतं.

"आबा, कॉम्प्युटरमध्ये खोटा स्कॅनर उभा करायचा, खोटा पेशंट ठेवायचा आणि फोटो कसा येतो ते बघायचं. फसलं तर पुसून टाकायचं."

आमच्या गुरुजींनी आम्हाला पोहायला असंच शिकवलं, शाळेच्या बाकावर पालथं झोपवून. हातपाय झकास चालायचे. नदीत उतरलो आणि गटांगळ्या! पण ते असो.

तर तिच्या कंपनीने नवा स्कॅनर बांधला. पेशंटला औषध टोचायचं, त्यातून निघणारे किरण टिपून फोटो काढायचा, अशातला. चाचणीला माणसाऐवजी पाण्याचा डबा, त्यात गाठींच्या जागी तेच औषध भरलेले गोळे, सगळ्यात धाकटा वाटाण्याएवढा. नातीचा कॉम्प्युटर म्हणाला होता, वाटाणा दिसणार. खऱ्या यंत्रात तो दिसेचना.

साहेब कडाडले, "बाई, तुमचा व्हिडिओ गेम सोमवारपासून बंद. पूर्वीसारखं बांधू, मोडू, परत बांधू."

"सर, सोमवारपर्यंत चूक शोधते."

"कुणाची?"

"निघेल त्याची."

घरी आली ती शीळ घालतच. आमची ही म्हणाली, "अगं, नोकरीवर बेतलंय आणि शिट्ट्या कसल्या मारतेस?"

"आजी, चूक आहे हे नक्की. मग ती पळून जाईल कुठे?"

मी तोडगा सुचवला, "वाटाणा जरा मोठा घे की."

"आणि पेशंटच्या गाठीला कोण सांगणार, आबा?"

दुसऱ्या दिवशी ती खऱ्या स्कॅनरपाशी गेली. डबा उचलायला खाली हात घातला, तो पेशंटच्या पलंगाला लागला. बाई तिथेच खो खो हसत सुटली. कॉम्प्युटरमध्ये तिने स्क्रूसुद्धा सोडला नव्हता, पण पलंगच राहिला होता. डबा आपला मजेत हवेत तरंगतोय!

तिने पलंग घातला आणि धावत साहेबांकडे गेली. "सर, माझ्याही फोटोतून वाटाणा गेला!"

"यात पेढे वाटण्यासारखं काय आहे?"

"दोघं एकच सांगतायत, सर. डब्यातून खाली जाणारे किरण तुमचा जाड पलंग खातोय. मी कॉम्प्युटरमध्ये पातळ करून पाहिला. वाटाणा दिसतो."

साहेबांनी कुरकुरत का होईना, पातळ पलंग बसवून घेतला. खऱ्या फोटोत डब्याच्या तळाशी वाटाणा ठसठशीत उठला. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बाई, पुढचा स्कॅनर आधी तुमच्याकडे. फक्त पेशंटला आडवं व्हायला काहीतरी द्या."

घरी मी बाकाची गोष्ट पुन्हा काढली, तर म्हणते कशी, "आबा, तुमचं पाणी राहिलं, माझा पलंग. घराणं एकच!"