फोडकाकांचा लाल खडू

फोडकाकांना पगार मिळायचा तो काचा फोडण्याचा. हसू नका, खरंच! शेगडीवर बसवायची न तडकणारी काळी काच बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. तापून लाल झालेल्या काचेवर तांब्याभर गार पाणी ओतायचं. टिकली तर "पास", फुटली तर "नापास" असं ओरडून तिच्यावर लाल खडूने फुली मारायची. बावीस वर्षं हेच. हाताला अशी खोड लागली, की घरात काही तापलेलं दिसलं की स्वारी तांब्या शोधायची. त्यात इस्त्रीसुद्धा गेली.

मुलीने आपलं लग्न आपणच जमवलं होतं. राहिला होता फक्त मुलाच्या आईचा होकार, आणि त्या गणिताच्या निवृत्त बाई, म्हणजे बोलायलाच नको. त्यांच्याकडे चहाला निघताना काकूंनी दारातच बजावलं, "अहो, तिथे पाण्याला हात लावाल तर याद राखा!"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" काका फणकारले.

चहा झाला, गप्पा रंगल्या, बाईही हसायला लागल्या. तेवढ्यात काकांना तहान लागली. "बसा, बसा, मी घेतो," म्हणत ते स्वयंपाकघरात शिरले आणि घात झाला. समोर काळ्या काचेची गॅसची शेगडी! नुकतीच बंद केलेली, चांगली तापलेली.

"बाबा, नको!" मुलगी मागून किंचाळली.

कसलं काय! हात आपलं काम करून मोकळा झाला. ही काच साधी, काकांच्या कारखान्यातली नव्हे. फाडकन आवाज झाला आणि ओटाभर खडीसाखरेसारखे तुकडे पसरले. बाई धावत आल्या, तर काका ऐटीत ओरडत होते, "नापास!" बरं, फुली मारायला काच उरली नव्हती, म्हणून त्यांनी खिशातल्या लाल खडूने ती भिंतीवर मारली.

घरी येऊन मुलगी ढसाढसा रडली. "बाबा, तुम्ही माझं लग्न मोडलंत." काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी आपल्या कारखान्याची काच बसवलेली विजेची शेगडी खांद्यावर घेऊन ते बाईंच्या दारात उभे राहिले. बाईंनी ती लावली, काच लाल होईपर्यंत तापवली आणि तांब्या उचलला. बावीस वर्षांत काकांनी कधी डोळे मिटले नव्हते, ते आज गच्च मिटले.

चर्रर्र! वाफ निघून गेली. काच जशीच्या तशी.

बाईंनी हात पुढे केला. "खडू द्या."

काकांनी तो खिशातून काढून दिला.

"काच पास. तुमची लेक तर मी कालच पास केली होती."

काकांचा जीव भांड्यात पडला. तोवर बाईंनी त्यांच्या सदऱ्यावर ही भलीमोठी लाल फुली ओढली.

"तुम्ही मात्र नापास, व्याही. या घरात पाणी तुम्हाला बसल्या जागी मिळेल."