बत्तीस जण का आले नाहीत

गेल्या वर्षीच्या अहवालात, पान चारवर, माझं एक वाक्य आहे: 'लाभार्थ्यांच्या उदासीनतेमुळे एकेचाळीसपैकी बत्तीस जण शस्त्रक्रियेस उपस्थित राहिले नाहीत.' त्यातले आकडे मी तीनदा पडताळले होते. उदासीनता हा शब्द एकदाही पडताळला नव्हता.

आमचं मंडळ सात जणांचं. बोर्ली पंचतनच्या बाजारात एका दुकानावरची खोली, एक कपाट, एक टेबल, एवढाच पसारा. मी चिटणीस. सव्वीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेली, त्यामुळे नोंदी ठेवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. दर वर्षी आम्ही किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात डोळे तपासणी ठेवतो. ज्यांना मोतीबिंदू निघतो त्यांना हॉस्पिटलची गाडी घेऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आणून सोडते. मंडळाने फक्त माणसं गोळा करायची. गेल्या वर्षी दोन गाड्या आल्या. नऊ जण एकीत बसले, दुसरी रिकामी परत गेली.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "या वेळी एकच गाडी पाठवते. निदान पंधरा जण बसले पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षीपासून ती दुसऱ्या तालुक्याला देईन. तिथे लोक वाट बघतायत."

त्यांचं काही चुकत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र गेल्या वर्षीच्या यादीतला, न आलेला अनुक्रमांक सत्तावीस आला. सत्तरी ओलांडलेली कोळीणबाई. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही, डाव्याने नुसत्या सावल्या. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई तिला माझ्यादेखत म्हणाल्या होत्या, "आजी, फार उशीर केलात तर मग मलाही काही करता येणार नाही." त्याला वर्ष होत आलं होतं.

म्हणून यंदा आवाहन चांगलं लिहायचं ठरवलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. प्रश्नपत्रिका काढायला ती मोबाईलवरचा एआय वापरते. मीही तोच उघडला आणि लिहिलं, 'मोतीबिंदू शस्त्रक्रियेसाठी आवाहन लिहा.' क्षणात पानभर मजकूर आला. त्यात 'सुवर्णसंधी' होती, 'प्रकाशाची वाट' होती आणि संपर्कासाठी एक फोन नंबर होता. तो नंबर आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. मी चपापलो. दहापैकी नऊ अंक आमच्या नंबरशी जुळले असते तरी मी तो मजकूर पुसलाच असता.

दुसऱ्या वेळी सगळे आकडे दिले. तपासलेले किती, निवडलेले किती, गैरहजर किती, गैरहजेरीचं कारण उदासीनता, गाडीची वेळ, जागा. या वेळी मजकुरात एकही चूक नव्हती. पण वाचताना वाटलं की शाळेचे मुख्याध्यापक पालकांना खडसावतायत. 'आपल्या निष्काळजीपणामुळे आपण दृष्टी गमावू नका,' असं त्यात होतं.

बायकोने चहाचा कप ठेवता ठेवता खांद्यावरून वाचलं. "अहो, हे कोळीवाड्यात वाचून दाखवलंत तर हातात मासळीची पाटी असेल ती डोक्यात घालतील तुमच्या."

"हे मी नाही लिहिलं. त्याने लिहिलंय."

"त्याला कोण म्हणालं, लोक उदासीन आहेत? तुम्हीच ना?" ती समोर बसली. "शाळेत बदली शिक्षिका आली तर मी तिला नुसतं 'पाचवी घ्या' सांगत नाही. कोणाला वाचता येत नाही, कोण कशाला घाबरतं, काय शिकवून झालंय, सगळं सांगते. आणि वर म्हणते, कळलं नाही तर आधी विचारा, मनाने काही करू नका. तेवढं सांगा की त्याला."

शेवटचं मला पटलं. स्टोअरमध्ये नवीन माणसाला मी हेच सांगायचो. मी खाली लिहिलं: 'लिहिण्याआधी, तुला जे माहीत नाही ते मला विचार. अंदाज करू नकोस.'

त्याने अकरा प्रश्न विचारले. लोकांना वाचता येतं का, की ऐकवायचं आहे? ते कोणावर विश्वास ठेवतात? सोबत एखादं माणूस नेता येतं का? परतल्यावर किती दिवस काम बंद ठेवावं लागतं? त्या काळात त्यांचं काम कोण करतं? मी एकेक उत्तर लिहीत गेलो. सात जमली. सातवा प्रश्न असा होता: 'उदासीनता हे कारण त्या बत्तीस जणांपैकी किती जणांनी स्वतः सांगितलं?'

मी मोबाईल खाली ठेवला. खरं उत्तर शून्य होतं.

यंत्राला माझ्याबद्दल, कोळीवाड्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. तरी सव्वीस वर्षांत कुठल्या ऑडिटरने धरलं नाही असं बोट त्याने नेमकं माझ्या एका शब्दावर ठेवलं होतं. भीती वाटली नाही. मी उत्तर लिहिलं: शून्य.

राहिलेल्या चार प्रश्नांची उत्तरं कोळीवाड्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी घेऊन गेलो. सगळ्यात आधी सत्तावीस नंबरकडे. आजी घरासमोरच्या ओट्यावर सुपात जवला, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, घेऊन बसली होती. बोटांनी चाचपून त्यातला कचरा, काड्या, शंखांचे तुकडे बाजूला काढत होती. मी गेल्या वर्षीची गाडीची तारीख सांगून विचारलं, का आली नाहीस.

"कनची तारीख? मना तारखा कलत न्हाय. तिथी सांग."

मी खिशातून छोटं कॅलेंडर काढलं. पौर्णिमेचा दुसरा दिवस.

आजी एवढ्या मोठ्याने हसली की पलीकडच्या दारातली शेजारीण बाहेर आली. "आगं ऐकलंस? पुनवेच्या दुसऱ्या दिसाला गाडी आनली व्हती मंडलानं! उधाणाची!"

"त्यांना काय ठाव," शेजारीण म्हणाली. "ते बाजारातले. त्यांचा समिंदर नलाला येतो."

मग दोघींनी मला समजावलं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा जाळ्यांत मासळी येते. होड्या बाहेर, आणि आलेला माल निवडायला, वाळवायला, बाजाराला न्यायला घरातली प्रत्येक बाई हवी. अष्टमीच्या आसपास पाणी मंद होतं. त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या किनाऱ्याला आणि माणसं मोकळी. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. माझं घर समुद्रापासून पाच किलोमीटरवर आहे, आणि एकावन्न वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून मी एकोणतीस जणांना भेटलो. तिघं बाहेरगावी होती. चोवीस जणांनी पहिलं कारण उधाणाचं सांगितलं. पण त्याच्या मागे आणखी गोष्टी निघाल्या. ऑपरेशननंतर काही दिवस चुलीचा धूर नको, डोक्यावर पाटी नको, वाकायचं नाही. मग घरचं आणि वाळवणाचं बघणार कोण? शेजारीण. आणि शेजारणीचंही नाव त्याच यादीत! दोघी एकाच गाडीत गेल्या तर दोन्ही घरं उघडी पडतात. मी यादी अनुक्रमांकाने लावली होती, म्हणजे घरांच्या ओळीने, म्हणजे शेजारणी नेमक्या एकत्र. इतक्या शिस्तीने केलेली चूक मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

आजीचं कारण मात्र वेगळं होतं. ते तिने शेजारीण आत गेल्यावर सांगितलं.

"एक डोला मेलाय. दुसऱ्यान सावली दिसते. दार कुठं, पानी कुठं, तेवढं समजतं. त्याला हात लावला आनि ती सावलीपन गेली तं? मग मी कोनाच्या आधारानं हागायला जाऊ? तू येशील?"

मी मोबाईल काढला. तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "एका वेळी एकच डोळा करतो आम्ही. आधी उजवा, मोतीबिंदूने पूर्ण झाकलेला. डाव्याला या वेळी हातसुद्धा लावणार नाही. हे सांगितलं नव्हतं का कुणी?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी आजीला सांगितलं. तिने सुपातला हात थांबवला, पण हो म्हणाली नाही. "बघू," म्हणाली.

घरी येऊन मी एआयसाठी तिसरी सूचना लिहायला बसलो. वहीची साडेतीन पानं झाली, तीच मग मोबाईलवर घातली. ऐकणारे कोण, त्यांचा दिवस कसा जातो, उधाण आणि भांग म्हणजे काय, कोणत्या भीती कुणी बोलून दाखवल्या. मजकूर एका मिनिटात बोलून संपला पाहिजे. लाभार्थी, आवाहन, संधी हे शब्द नकोत. दृष्टी नक्की येईल असं वचन द्यायचं नाही. ऑपरेशननंतरची पथ्यं डॉक्टरांच्या कागदात आहेत तेवढीच, शब्द वाढवायचा नाही. नावं मी घातली नाहीत. लोकांच्या आजाराची गोष्ट आहे, म्हणून फक्त अनुक्रमांक, आणि कोणाचं घर कोण सांभाळेल ते. शेवटी विचारलं: बत्तीस जणांच्या सोळा-सोळाच्या दोन फेऱ्या कर, दोन वेगवेगळ्या भांगांना, अशा की एकमेकींचं घर सांभाळणाऱ्या दोघी कधीच एका फेरीत येणार नाहीत.

हे काम मी कागदावर करायला घेतलं असतं तर संध्याकाळ गेली असती. त्याने चहा गार व्हायच्या आत केलं. वर एक टीप दिली: अकरा, बारा आणि तेरा नंबरच्या बायका तिघी मिळून एकमेकींचं बघतात, त्यामुळे तिघींचे दोन गट तुमच्या नियमात बसत नाहीत, यांपैकी एकीला दुसरं कोणी आहे का, ते विचारा. मी वही उलटून पाहिलं. बरोबर होतं. दोन दिवस त्या तिघींशी बोलूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. बायकोला हाक मारून दाखवलं. तिने चष्मा लावून पुन्हा वाचलं.

तरी मी सगळी यादी हाताने पडताळलीच. एकोणीस नंबर दोन्ही फेऱ्यांत होता आणि तीस कुठेच नव्हता. ते दुरुस्त केलं. बारा नंबरच्या बाईची एक नणंद निघाली, तोही प्रश्न सुटला.

ऐकवायचा निरोप साधा, सरळ मराठीत आला होता. मी हौसेने म्हटलं, कोळी बोलीत करून दे. जे आलं ते वाचून मलाच लाज वाटली. साधाच मजकूर घेऊन मी गेल्या वर्षी गेलेल्या नऊ जणांपैकी एका बाईकडे गेलो. ती बाजारात मासळी विकते आणि तिचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जातो. तिला वाचून दाखवलं.

"हे बरं हाय," ती म्हणाली, "पन आसं कोनी बोलतं व्हय? दे हिकडं." तिने मोबाईल तोंडापाशी धरला आणि सुरू केलं, "बायांनो, मी बोलतंय, माझा डोला बघा आनि मंग बोला..." चौपन्न सेकंद. मजकुरातला एकही मुद्दा तिने गाळला नाही, आणि एकही वाक्य जसंच्या तसं ठेवलं नाही. भांगाची तिथी सांगितली, घर कोण बघेल ते सांगितलं, एका वेळी एकच डोळा हे दोनदा सांगितलं. मला फक्त ऐकत राहावंसं वाटलं. ती ध्वनिफीत त्या दुपारी कोळीवाड्यातल्या बहुतेक मोबाईलवर वाजत होती.

डॉक्टरीणबाईंनी तिथीप्रमाणे गाडी द्यायला थोडे आढेवेढे घेतले. "पहिली भरून दाखवा, मग दुसरी बघू," म्हणाल्या.

नवमीला सकाळी सात वाजता गाडी आली. मी दाराशी वही घेऊन उभा. साडेसातपर्यंत बारा जण चढले. एकाला ताप होता, त्याचा निरोप आला. आठ वाजता तेरा. चालकाने घड्याळाकडे पाहिलं. उरलेल्या दोघी आल्या नाहीत तर ही गाडी पुन्हा या रस्त्याला येणार नव्हती, आणि न आलेल्यांत सत्तावीस नंबर होता.

मी तिच्या घराकडे चालायला लागलो, तर वळणावर ती समोरूनच येत होती. एक हात शेजारणीच्या खांद्यावर. शेजारणीचं नाव दुसऱ्या फेरीत होतं. ती फक्त गाडीपर्यंत पोचवायला आली होती.

"कनचा डोला?" आजीने पायरीवर पाय ठेवण्याआधी विचारलं.

"उजवा," मी म्हणालो.

"लिव्हलंस?"

मी वही उघडून वाचून दाखवलं: सत्तावीस, उजवा डोळा, डाव्याला हात नाही. तिने वहीच्या पानावर बोट टेकवलं, आणि मग चढली. चौदा झाले. शेवटची बाई धावत आली आणि पंधरा भरले, सोळापैकी तापातला एकच राहिला.

दुसऱ्या भांगाला गाडी आली आणि त्या खेपेला चौदा गेले, ताप उतरलेला धरून. न आलेल्या तिघांकडे मी त्याच आठवड्यात जाऊन आलो.

दीड महिन्याने कोळीवाड्यात गेलो तेव्हा आजी ओट्यावरच होती, काळा चष्मा लावून. मला आवाजावरून ओळखलं, मग चष्मा वर करून नीट पाहिलं. "आरं, तुजे केस पिकलेत! मी तुला पोर समजत व्हते."

तिने सुनेला आतून एक डबा आणायला सांगितला. त्यात गेल्या वर्षीचा जवला होता, काही दिसत नसताना तिने नुसत्या बोटांनी निवडलेला. तो सगळा तिने सुपात ओतला, उन्हाकडे वळली आणि एकेक मूठ बघायला लागली. मी बाजूला बसून राहिलो. सगळा डबा बघून व्हायला अर्धा तास लागला. त्यात दोन काड्या आणि शंखाचा एक बारीक तुकडा निघाला.

ते तिने तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "तीन. लिव्हून घे."