पंख्याची गरारी

लग्न होऊन मी नागपुरात आले तेव्हा घरात एकच टेबलपंखा होता. सासरे रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर असताना त्यांनी घेतलेला, काळा, बिडाच्या बुडाचा, एकट्याने उचलवत नसे असा जड. उन्हाळ्यात दुपारची जेवणं झाली की मधल्या खोलीच्या फरशीवर पाणी शिंपडून आम्ही ओळीने आडवे व्हायचो, आणि पंखा मान फिरवत सगळ्यांना आळीपाळीने वारा द्यायचा.

मला सातवा महिना लागला त्या उन्हाळ्यात त्याची मान अडली. पाती फिरायची, पण तोंड एकाच बाजूला. सासऱ्यांनी ते माझ्याकडे वळवून ठेवलं. त्यांना स्वतःला दमा होता. त्यांचा डोळा लागला की मी उठून पंखा त्यांच्याकडे करायची, आणि जाग आली की ते पुन्हा माझ्याकडे. सासूबाई पदराने वारा घेत हे बघत असत. एकदा म्हणाल्या, "तुम्हाले दोघाले झोपाचं हाय का पंखा ढकलत बसाचं हाय?"

नवऱ्याने पंखा सीताबर्डीला मिस्त्रीकडे नेला. मिस्त्रीने मागची डबी उघडून फायबरची एक बारीक गरारी, मान फिरवणारं दातेरी चाक, काढून दिली. तिचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. मोटर उत्तम आहे, तो म्हणाला, पण कंपनी केव्हाच बंद पडली, ही गरारी आता मिळायची नाही. एका रविवारी नवरा भंगाराची सगळी दुकानं पालथी घालून आला. मापाची एकही सापडली नाही.

"नवा घेऊ," तो म्हणाला.

"चांगली मोटर भंगारात टाकतं का गा?" एवढंच बोलून सासरे ओसरीवर जाऊन बसले. निवृत्त झाल्यापासून ते बहुतेक वेळ तिथेच, गप्प बसलेले असत.

सासूबाईंनी गरारी उचलून न्याहाळली. "हे लाकडाचं काहून नाही होत?"

"आई, हे मशीन हाय," नवरा म्हणाला.

"खाप्याले माहेरी माह्या बापाची तेलाची घाणी होती, ते का मशीन नव्हती? सारी लाकडाची होती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मला घेऊन रिक्षाने लकडगंजात गेल्या. आरागिरण्यांच्या गल्लीत एक खरादवाला, लाकूड कातणारा, होता. त्याने गरारी बोटांत फिरवून पाहिली आणि परत दिली. "माय, मी लाटणे करतो, पलंगाचे पाय करतो. हे माह्याच्यानं नाही होत."

"तू फक्त गोल चकती दे बाप्पा, एवढ्याच जाडीची. मधात भोक पाडून दे. दात आमी पाडतो."

चकती घेऊन आम्ही निघालो. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आई, दात कोण पाडणार?"

"तुहा सासरा जल्मभर कानसच घासत होता ना वं."

सासऱ्यांनी चकती हातात घेतली, चष्मा लावला आणि ट्रंकेतून जुन्या कानशी काढल्या. सकाळचं ऊन ओसरीवर येईपर्यंत ते घासत बसायचे. दात जरा तिरपे असतात, सरळ पाडले तर धरत नाहीत, असं मला दाखवून सांगायचे. इतक्या दिवसांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते.

गरारी बसवली. पंख्याने मान भिंतीपर्यंत नेली, परत आणली, आणि कट्ट आवाज होऊन ती पुन्हा अडली. सासरे त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले.

तुटकी चकती मी खिडकीत नेऊन पाहिली. समोरासमोरच्या दोन बाजूंचे दात शाबूत होते, दुसऱ्या दोन बाजूंचेच निखळले होते. "बाबा," मी म्हटलं, "लाकडाच्या रेषा जिकडे दातांना आडव्या गेल्यात, तिकडचेच दात गेलेत."

त्यांनी चकती बराच वेळ उलटसुलट केली. मग स्वतः लकडगंजात जाऊन पातळ चकत्या आणल्या, एकीच्या रेषा उभ्या तर दुसरीच्या आडव्या अशा सरसाने चिकटवल्या आणि नव्याने दात पाडले. सासूबाईंनी ती गरारी जवसाच्या तेलात भिजत घातली. घाणीचे खुंटेही असेच तेल पीत, त्या म्हणाल्या.

त्या दुपारी पंखा फिरला. टोकाला गेला की किंचित कुरकुरायचा, मग परतायचा. सासरे भिंतीला टेकून बसून त्याच्याकडे बघत होते, आणि तसेच बसल्याबसल्या झोपले.

बाळंतपण आटोपून मी मुलीला घेऊन माहेराहून परत आले तेव्हा ओसरीवर शेजारच्यांचा एक पंखा आणि कुणाचा तरी मिक्सर उघडून ठेवलेले होते. मिक्सरसाठी सासरे टायरचा तुकडा कापून रबरी जोड बनवत होते. माणसं येऊ लागली होती. दारात सासूबाई आधी विचारायच्या, "याचं सामान बाजारात भेटते का?" भेटतं म्हटलं, की त्या माणसाला चहा पाजून बाजाराकडे पाठवायच्या.