घराखालची थंडी

तेरेन्तीदाजी घरात कमी आणि घराखालीच जास्त असायचे. माझ्या थोरल्या बहिणीचा, अगाफ्याताईचा हा नवरा. पेशाने सुतार. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, चला, ताईचं घर तरी धड राहील. घर धड राहिलं, त्यात शंका नाही. पण जेवायच्या वेळी नवरा शोधायला गेलं तर सापडायचा कुठे? घराच्या खांबांमध्ये, पोटावर पालथा पडलेला, डोळ्यांत भुसा गेलेला. मी ताईला विचारायची, "अगं, तू नवरा केलायस की घूस?" ताई म्हणायची, "घूस परवडली. खायला तरी वेळेवर वर येते."

आमच्या गावातली निम्मी घरं त्यांनीच उभी केली. लार्चच्या लाकडाचे जाडजूड खांब बारा महिने गोठलेल्या जमिनीत खोल रोवायचे, वर घर बसवायचं आणि खालची जागा मोकळी ठेवायची, वारा आरपार गेला पाहिजे, नाही तर घराच्या उबेने जमीन वितळते आणि घर खचतं. हिवाळा आला की हा माणूस फावडं घेऊन गावभर हिंडायचा. कुणाच्या घराखाली बर्फ साचलेला दिसला की दारावर लाथ. "अरे ए आळशा! जमिनीवर गोधडी कशाला पांघरलीस? ओढ ती! उघडी टाक तिला, थंडी खाऊ दे! ती उपाशी राहिली तर तुझं घर गिळेल." लोक हसायचे, पण मुकाट्याने बर्फ ओढायचे. थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी अशी थंडी, आणि हा बाबा म्हणतो, अजून थंडी हवी! मी म्हणायची, "दाजी, आमच्या हाडांत शिरलीये ती काढून घालू का तुमच्या जमिनीला?"

पण त्यांचं खरं होतं, हे गेल्या काही वर्षांत डोळ्यांनी पाहिलं. आमचं गवताचं कुरण होतं तळ्याकाठी, ताटासारखं सपाट. बापाने कापलं, आम्ही कापलं. खालचा बर्फ वितळत गेला तसे तिथे आधी नुसते खळगे पडले, मग उंचवटे राहिले, मग खळग्यांत पाणी भरलं. कापणीचं यंत्र नेलं तर ते आडवं होतं. गवत नाही, तर गाई कशावर ठेवायच्या? एकेक करून विकल्या नाही तर खाल्ल्या. आमच्या घरांच्या ओळीतली माणसं एकामागून एक शहरात गेली. जमीन मऊ झालेली, हिवाळे मिळमिळीत, उन्हाळे सरता सरत नाहीत. शाळेत आमच्याकडून घोकून घेतलं होतं, उत्तरेच्या पोटात सोनं आहे, हिरे आहेत, वायू आहे, तुम्ही केवढे श्रीमंत! असेल बाई. ते ज्यांनी नेलं त्यांनी नेलं. आमच्या वाट्याला खालून वर आलं ते पाणी.

ओळीत शेवटी दोनच घरं सरळ उभी राहिली. ताईचं, आणि अंगणापलीकडे माझं, तेही दाजी माझ्या घराखालीही घुसायचे म्हणून. मी विधवा बाई, मला कोण विचारतो?

गेल्याच्या गेल्या वर्षी शरद ऋतूत ताई दूध काढता काढता कलंडली. डावं अंग गेलं. शहरात महिनाभर दवाखान्यात होती. तिची मुलगी उलियाना तिथेच राहते, चौथ्या मजल्यावर. पोरगी चांगली आहे. रडून म्हणाली, "आई, आता इथेच राहा. गावात आता काय उरलंय?" ताईचं बोलणं जड झालं होतं, पण डोकं जागेवर होतं आणि जीभ होती तेवढीच तिखट. म्हणाली, "तुझ्या घराला दार उघडलं की जिना. मला काय टांगून ठेवणारेस? मला माझ्या घरात मरायचंय." मग दाजींकडे पाहून म्हणाली, "अहो, तुम्ही बोला." घराखालच्या बर्फाशिवाय दाजी आयुष्यात कधी चार माणसांत बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तिला तिच्या घरातून कुणी हलवणार नाही. मी हलवू देणार नाही." ताईने चांगल्या हाताने त्यांची बाही धरली आणि सोडलीच नाही. उलियानाने हात टेकले.

घरी आणलं, आणि ताईला थंडी वाजायला लागली. पाय म्हणजे दगड. चूल दिवसभर पेटलेली, अंगावर सशाच्या कातड्याचं पांघरूण, तरी म्हणायची, "अहो, खालून येतंय. फळ्यांतून येतंय." आणि येणारच ना! घर बांधलंच होतं तसं, खालून बारा महिने वारा खेळेल असं. दाजी रात्रंदिवस तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायचे. मी घोड्याच्या मांसाचा रस्सा करून न्यायची. दोन घोट गिळायची आणि म्हणायची, "पायांपर्यंत जात नाही गं."

आणि मग एके सकाळी पाहते तर काय, दाजी घराच्या चारी बाजूंनी फळ्या ठोकतायत! फळ्यांच्या मागे भुशाची पोती, बाहेरून शेणामातीचा बांध, कमरेएवढा. घराखालचा वारा बंद. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"दाजी! वेड लागलंय का तुम्हाला?"

"फेक्ला, ती पोती सरकव इकडे."

"गावभर लाथा मारत हिंडलात आणि स्वतः काय करताय? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! वरचा शेक खाली कोंडला तर काय होतं, हे मी सांगायचं तुम्हाला?"

ते हातोडी खाली न ठेवता म्हणाले, "एक हिवाळा. वसंतात सगळं काढून टाकतो. पूर्वीचे लोक भिंतींना माती थापायचेच की, आणि बर्फ वितळला की काढायचे. एका हिवाळ्याने काय होतंय?"

"पूर्वीची जमीन होती का ही? तुम्हीच सांगता ना, ही आधीच उपाशी आहे म्हणून!"

तेव्हा ते माझ्याकडे वळले. दाढीत भुसा अडकलेला. "घर कशासाठी असतं गं?" म्हणाले. "तिचे पाय गार पडतायत. मी खांब सांभाळत बसू?"

मी पोती सरकवली. पडलेला बर्फही त्यांनी त्या वर्षी ओढला नाही, उलट फावड्याने बांधावर चढवला.

तो हिवाळा ताईला फार सुखाचा गेला, हे मी खोटं सांगणार नाही. पायाखालच्या फळ्या उबदार झाल्या. तिच्या गालांवर रंग आला. बोटं थोडी हलायला लागली. मला म्हणायची, "फेक्ला, तुझ्या घरात काय थंडीये, शी! इकडेच बसत जा." मी गोठवलेल्या माशाचे पातळ काप करायची, ती एकेक तोंडात धरून विरघळवायची आणि दाजींना चिडवायची, "जन्मभर मला गारठवलंत, आता अंग गेलं तेव्हा सुचलं होय?" दाजी हसायचे. चाळीस वर्षांत मी त्यांना इतकं घरात बसलेलं पाहिलं नव्हतं.

वसंत आला. छपरावरून पाणी गळायला लागलं. मी म्हटलं, "दाजी, फळ्या." ते म्हणाले, "हो, उद्या." दुसऱ्या दिवशी एक बाजू उघडली, आणि रात्री ताई कुडकुडायला लागली, दात वाजायला लागले. सकाळी ती बाजू परत बंद. मग तिला खोकला झाला. मग तळ्यावरून गार वारे. "जरा ऊन तापू दे." मी रोज म्हणायची, ते रोज हो म्हणायचे. ऊन तापलं तोवर खालच्या अंधारात काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. फळ्या काढल्या तर आतून डबक्याचा वास आला. दाजी आत घुसले आणि किती तरी वेळाने बाहेर आले. नुसते हात पुसत राहिले, स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ना, तसंच झालं. त्यात तो उन्हाळा म्हणजे पावसाचाच. आधी दार घासायला लागलं. मग खिडकीची काच आपोआप तडकली. टेबलावरचा चहाचा पेला घसरायचा, तर ताई म्हणायची, "अहो, आपलं घर तळ्याकडे निघालंय का पोहायला?" चुलीचं वजन सगळ्यात जास्त, तिच्याखालची जमीन आधी गेली. एका सकाळी चूल खचली आणि धुराड्यापासून सुटली. मी धूर पाहून धावले. दार अडकलेलं. दाजींनी आतून खिडकी फोडली आणि ताईला पांघरुणासकट माझ्या हातांत दिलं. तिचं वजन लहान मुलाएवढं झालं होतं. खोकता खोकता तिने मागे वळून घराकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला कुठे नेतेस?"

नेणार कुठे? माझ्याच घरी. दाजींनी तिची खाट माझ्या खिडकीशी मांडली, समोर अंगणापलीकडे तिचं घर दिसेल अशी. तिच्यापाशी गुडघ्यावर बसून म्हणाले, "खांब बदलतो. नवे, दुप्पट खोल. बर्फ पडायच्या आत तुला घरी नेतो. शब्द दिलाय ना मी?" उलियानाचा फोन आला, तर तिलाही तेच सांगितलं. मग तिने मला फोनवर बोलावून विचारलं, "मावशी, खरंच होईल का?" मी म्हटलं, "तुझा बाप आहे. होईल."

रोज सकाळी दाजी ट्रॅक्टरचे जॅक घेऊन घराखाली जायचे. अधूनमधून बाहेर येऊन खिडकीकडे हात करायचे. ताई चांगला हात वर करायची. मग ते परत आत.

ऑगस्ट संपताना त्यांनी पहिल्या खांबासाठी घराच्या अलीकडच्या कडेला खड्डा खणला. खिडकीतून सगळं दिसत होतं. पूर्वी पहार इथे कमरेएवढ्या खोलीवर टणकन वाजायची, आणि मग विस्तव करून जमीन नरम करत खणावं लागायचं. त्या दिवशी पहार वाजलीच नाही. जातच राहिली. दाजी खणत राहिले आणि खड्ड्यात पाणी भरत राहिलं. बादलीने उपसलं, परत भरलं. शेजारी दुसरा खड्डा घेतला, त्यातही तेच. ते मांड्यांपर्यंत गढूळ पाण्यात उभे राहिले, पहारेवर टेकून. मग त्यांना आठवलं असावं की ताई बघतेय. खिडकीकडे वळून त्यांनी हात वर केला, अगदी उंच.

ताईनेही हात वर केला. मग तो पांघरुणावर ठेवला आणि म्हणाली, "फेक्ला, मला भिंतीकडे वळव."

"का गं? उजेड लागतोय?"

"उजेड कसला. तो तिकडून खोटा हात करतो, मी इकडून खोटा हात करते. दमले बाई मी."

मी तिला वळवलं. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "तो बाहेर आला की तू हात कर. पडद्यामागून कुणाचा हात ते कळत नाही त्याला. आणि सांगू नकोस हं. माझ्यामुळे घर गेलं असं वाटलं तर तो जगायचा नाही. खणू दे त्याला. संध्याकाळी तो यायच्या आधी मला परत फिरव, म्हणजे झालं."

संध्याकाळी तिला परत फिरवलं. दाजी चिखलाने भरलेले आत आले. आधी तिच्याकडेच गेले. "पाहिलंस ना आज? दोन खड्डे झाले!"

"पाहिलं की," ताई म्हणाली. "सगळं पाहिलं. पण जरा दमाने घ्या. घाई कसली आहे?"

मी त्यांच्या हातावर पाणी घालायला ओसरीत गेले. तिथे त्यांनी दोन्ही हातांनी माझा तांब्या धरला. "फेक्ला, खाली काही नाही गं. टेकायला जागाच नाही. सगळं गेलं. मी घालवलं. तिला सांगू नकोस. तिला वाटू दे की घरी जाणार आहे."

मला दोघांचा इतका राग आला की तो तांब्या भिंतीवर आपटावासा वाटला. एवढा जन्म एकमेकांच्या उशाशी काढला आणि शेवटी गुपितं ठेवायला मीच सापडले! पण दाजींच्या हातांवर अजून चिखल होता. मी पाणी घातलं. म्हटलं, "नाही सांगत. चला, जेवायला चला, ती वाट बघतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी पहार खांद्यावर टाकून निघाले. मी ताईला भिंतीकडे वळवलं, पांघरूण पायांखाली नीट खोचलं आणि खिडकीच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिले.