लहरीपुऱ्यातल्या खोलीबद्दल एक दुरुस्ती

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. एका बंद खोलीत एकदा बोललो, तेवढंच. त्या खोलीकडे येतो — पण थोडं फिरून येतो.

आधी माझ्याबद्दल. बडोद्यातल्या एका दैनिकात मी उपसंपादक म्हणून लागलो आणि वृत्तसंपादक म्हणून निवृत्त झालो. दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय मी बातमी सोडली नाही. संचारबंदीच्या दिवसांतही माझ्या टेबलावरून अफवा पुढे गेली नाही. चूक झालीच तर दुरुस्ती त्याच पानावर, आतल्या पानात लपवून नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळातले लोक पैज लावताना म्हणायचे, ‘साहेबांना विचारा, ते म्हणतील ते खरं.’ याचा मला अभिमान होता. आजही आहे. तो नसता तर पुढचं घडलंच नसतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही कधी समुपदेशकाकडे गेला आहात? नसाल तर तिथे काय होतं ते सांगतो, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमातल्यासारखं कोचावर झोपवत नाहीत. दोन खुर्च्या असतात, पाण्याचा तांब्या असतो. झोप कशी आहे, भूक कशी आहे, घरात कोण कोण असतं, असं विचारतात. पहिल्या वेळी तुम्हीच जास्त बोलता आणि सल्ला न मिळाल्यामुळे जरा फसल्यासारखं वाटतं. आणि सुरुवातीलाच ते सांगतात — इथलं इथेच राहील.

सुलभाताईंनी मला तेच सांगितलं होतं. लहरीपुऱ्यात एका कापडाच्या दुकानावर त्यांची खोली होती. म्हणाल्या, ‘बाहेर भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तरच दाखवीन. तुम्ही इथे येता की नाही, हेसुद्धा मी कुणाला सांगणार नाही.’ हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

केबल टीव्ही घराघरात शिरत होता, ती वर्षं. मी का गेलो होतो? पाहुणे आले होते. मी त्यांना शहराची माहिती देत होतो आणि म्हणालो, खंडेराव मार्केट खंडेराव महाराजांनी बांधलं. माझी मुलगी मुग्धा तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, ‘बाबा, त्यांनी नाही. त्यांच्या नावाने नंतर बांधलं.’ पाहुणे हसले. एक जण म्हणाला, ‘घरातच प्रूफरीडर आहे की!’ मी उठलो आणि तिला एक थप्पड मारली. सगळ्यांसमोर.

तिचं बरोबर होतं. ते मला त्याच क्षणी माहीत होतं.

माझी बायको वसुधा चिडून बोलणारी नाही. ती थंडपणे म्हणाली, ‘अहो, एक तर तुम्ही कुणाला तरी दाखवा, नाहीतर मी मुग्धाला घेऊन माहेरी जाते.’ म्हणून गेलो. मुग्धालाही वसुधा वेगळ्या वेळी तिथे पाठवू लागली. ती परतताना भेळ खाऊन यायची आणि जिन्यावरून गुणगुणत यायची. तिथे ती काय बोलायची, मला माहीत नाही. पण घरात पुन्हा बोलू लागली होती, एवढं मी पाहिलं.

माझ्या तिसऱ्या भेटीत सुलभाताईंनी विचारलं, ‘तिची माफी मागितलीत?’

‘ती लहान आहे.’

‘म्हणूनच विचारतेय.’

मी पुन्हा गेलो नाही.

आता मूळ चुकीकडे येतो. मंडळात गणपतीच्या तयारीची बैठक होती. चहा फिरत होता. शिर्के आमच्यातले थट्टेखोर. त्यांनी माझी स्कूटर त्या कापडाच्या दुकानासमोर पाहिली होती. चारचौघांत म्हणाले, ‘काय साहेब, वेड्यांच्या डॉक्टरकडे? बातम्या छापून छापून डोकं फिरलं की काय?’ सगळे हसले. तेच हसू — माझ्या दिवाणखान्यातलं.

मी काय म्हणायला हवं होतं? ‘हो, गेलो होतो.’ एवढंच. मी म्हणालो, ‘बातमीच्या कामाला गेलो होतो, शिर्के. आणि एक ऐकून ठेवा. त्या बाईंकडे बोललेलं बाहेर जातं. कन्फर्म आहे.’

‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं होतं, तेवढं पुरेसं होतं. आयुष्यभर जमवलेली पत मी त्या एका वाक्यावर लावली — आणि ते वाक्य, खरं सांगतो, बोलून झाल्यावर मला आवडलं होतं. आटोपशीर होतं.

बातमी आमच्या मराठी घरांतून फिरली. शिर्क्यांनी सुलभाताईंना तोंडावर विचारलं, ‘आमचे साहेब तुमच्याकडे येत होते का हो? पेशंट म्हणून?’ त्या म्हणाल्या, ‘कोण येतं, कोण येत नाही, हे मी सांगत नाही.’ लोकांनी याचा अर्थ लावला की बाईंकडे उत्तर नाही. उत्तर होतं. एका वाक्यात त्या मला खोटं पाडू शकत होत्या. त्यासाठी माझं गुपित फोडावं लागलं असतं. त्यांनी ते फोडलं नाही. मी हे आधीच हेरलं होतं का? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. हो. वाक्य तोंडातून जातानाच मला ठाऊक होतं की त्या बोलणार नाहीत.

आरतीला त्या आल्या तेव्हा माझ्यासमोरून गेल्या. कबूल केल्याप्रमाणे ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. पुढे माणसं येईनाशी झाली, खोली बंद झाली आणि त्या इंदूरला भावाकडे राहायला गेल्या.

घरी वसुधाने विचारलं, ‘शिर्केवहिनी सांगत होत्या ते खरं? आपल्याही गोष्टी बाहेर गेल्या?’

मी ‘हो’ म्हणालो. मुग्धा दारात उभी होती.

तिचा चेहरा मी लिहू शकत नाही. तिला वाटलं, तिने त्या खोलीत सांगितलेलं सगळं आता मंडळात चघळलं जातंय. त्यानंतर ती त्या वर्षी गणपतीत आली नाही. घरात बोलायची ते कामापुरतं. कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हे ती माझ्याकडून शिकली, आणि मला वाटत राहिलं की मुलगी समंजस झाली.

बरीच वर्षं गेली. मुग्धा नोकरीसाठी पुण्याला गेली, हातात मोबाईल आले, मी निवृत्त झालो. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटू लागलं. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं — हेमांगिनीबेन, छाणीच्या बाजूला. गुजराती आहेत आणि आपल्या वस्तीपासून लांब, म्हणून बरं वाटलं.

नव्या समुपदेशकाकडे गेलात की एक प्रश्न हमखास येतो. माझी तयारी होती. ‘पहेलां कोईनी पासे गया छो?’ याआधी कुणाकडे गेला होता? मी ऑफिसातल्या सफाईदार गुजरातीत सांगितलं: गेलो होतो, त्या बाई गोष्टी बाहेर सांगायच्या, म्हणून सोडलं. माझ्या कामाबद्दलही सांगितलं. दोन ठिकाणची खात्री, त्याच पानावरची दुरुस्ती. अभिमानाने सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘घरे शुं बोलो छो? मराठी? तो मराठीमां कहो ने. हुं खंडेराव मार्केटनी पाछळ मोटी थई छुं. नहीं समजाय त्यां पूछीश.’

म्हणजे, घरची भाषा मराठी असेल तर मराठीतच सांगा; मी खंडेराव मार्केटच्या मागे वाढले आहे, समजणार नाही तिथे विचारीन. साधी सोय होती ती. मी तेच मराठीत सांगायला गेलो. ‘त्या बाई —’ आणि पुढे जाईना. गुजरातीत ती एक बातमी होती. मराठीत ते वाक्य मी घरात म्हटलेलं होतं, मुग्धा दारात असताना. मी पाणी प्यायलो. पुन्हा सुरू केलं. मग जे आलं ते तुम्ही आत्ता वाचलंत.

हेमांगिनीबेन सांत्वन करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘अने एनो सुधारो? ए क्यां छपायो?’ आणि त्याची दुरुस्ती? ती कुठे छापली?

चूक मंडळात केली होती. म्हणून दुरुस्ती मंडळाच्या या स्मरणिकेत, पहिल्या पानावर. ती अशी:

सुलभाताईंनी माझी किंवा माझ्या घरातली कोणतीही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. मी त्यांच्याकडे बातमीसाठी नाही, स्वतःसाठी गेलो होतो. ती बातमी खोटी होती. ती मी दिली होती.

एक प्रत इंदूरला पाठवली आहे. उत्तर मागितलेलं नाही. छापण्याआधी एक मुग्धालाही पाठवली, सोबत माफी मागून. तिने तपासून परत केली. माफीबद्दल काही लिहिलं नाही. समासात एकच खूण होती, ‘एक थप्पड’ या शब्दांशेजारी.

‘बाबा, दोन होत्या.’

तिचं बरोबर आहे. वरचा मजकूर मी लिहिला तसाच ठेवला आहे. दुरुस्ती इथे, त्याच पानावर: दोन.